व्हेनिसची चित्रकर्ती

इटलीतील व्हेनिस हे नगर समुद्राच्या खाजणात वसलेले आहे. तेथे अनेक कालवे असून लोक होड्यांतूनही ये-जा करतात. अशा या नगरात १८७९ साली एम्मा चार्दी हिचा जन्म झाला. तिचे वडील गुल्येल्मो हे नामांकित निसर्गचित्रकार होते. थोरला भाऊ बेप्पे हाही चित्रकारच झाला. त्यामुळे कलेचे बाळकडू एम्माला घरीच मिळाले.

परंतु मोठ्या वृक्षाच्या छायेत रोपटे वाढणे कठीण असते. वडिलांचे केवळ अनुकरण केले असते, तर एम्मा त्यांची कन्या एवढीच उरली असती. तिने आपली वाट स्वतः शोधली. जुन्या वाड्यांची शांत उद्याने, पाण्याची कारंजी, दगडी पुतळे आणि त्यांमधून हिंडणारी अठराव्या शतकातील उंची वेषांतील माणसे तिने रंगविली. व्हेनिसचे स्वतंत्र राज्य १७९७ सालीच लयास गेले होते. ते वैभव एम्माने पाहिले नव्हते. तथापि जाड रंगांच्या चपळ फटकाऱ्यांनी तिने ते पुन्हा सजीव केले. व्हेनिसप्रमाणे लंडनमध्येही तिच्या चित्रांची प्रदर्शने भरली.

१९३३ साली व्हेनिसमध्येच तिचे निधन झाले. वडिलांकडून तिला कुंचला मिळाला होता. दृष्टी मात्र तिची स्वतःची होती.