अक्षांश जवळचे, हवामान वेगळे : डॉ. खानखोजे आणि तुमची नवी बाग

कोकणातून किंवा पुण्याहून बदली होऊन तुम्ही नागपूरच्या प्रताप नगरात आला असाल आणि अंगणात बाग करायची असेल, तर रोपे आणण्याआधी विदर्भातल्याच एका माणसाचे आयुष्य समजून घ्या. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांना आपण क्रांतिकारक म्हणून ओळखतो. शेतीशास्त्रज्ञ म्हणून ते आपल्याकडे फारसे माहीत नाहीत, आणि ही आपलीच उणीव आहे.

वर्ध्यात जन्मलेले खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमार्गे अमेरिकेला गेले. गदर चळवळीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्याच काळात त्यांनी ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीचे शिक्षण घेतले. वॉशिंग्टनमधल्या पुलमनकडे पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. मृगात पेरणी पाहिलेल्या मुलाला हे पंचांग उलटेच. तिथला गहू मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. आपला कोरडवाहू हरभरासुद्धा असाच येतो, हे तुमच्या लक्षात येईल.

पहिल्या महायुद्धात ते इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी इराणपर्यंत गेले, पुढे युरोपात राहिले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले. ब्रिटिश राजवटीत मायदेशाचे दार बंदच होते. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले.

आता नकाशा पाहा. चापिंगो सुमारे १९.५ अंश उत्तर अक्षांशावर, नागपूर २१ अंशांवर. पावसाळाही दोन्हीकडे साधारण जून ते सप्टेंबर. म्हणजे हवामान एकच, असे वाटेल. पण नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर आणि चापिंगोची सुमारे २,२५० मीटर. दर हजार मीटर चढावर तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. त्यामुळे तिथे आपल्यासारखा वैशाख नाही. उलट हिवाळ्यात रात्री दव गोठून पीक जाते. थंडी आणि अवर्षण सोसणारे वाण शोधणे हे तिथले खरे काम होते, आणि खानखोजे मका, गव्हावर त्याच दिशेने राबले. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिन्ते या तिथल्या गवताशी त्यांनी मक्याचा संकर केला. लहान शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले.

तुमच्या अंगणाचा विचारही याच क्रमाने करा : उंची, पावसाचे महिने, सर्वांत गरम दुपार, सर्वांत थंड रात्र. नागपुरात वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत १० अंशांपर्यंत उतरतो. दमट हवेला सरावलेली सुपारी किंवा जायफळ इथल्या कोरड्या उन्हाळ्यात करपते. लिंबू, सीताफळ, पेरू, कढीपत्ता मात्र टिकतात. माती काळी, चिकट असेल तर संत्रा-लिंबाला पाण्याचा निचरा आधी करून द्या. पावसाळ्यात पाणी साचले की मुळे कुजतात. पश्चिमेच्या भिंतीलगत दुपारची झळ सर्वांत जास्त लागते, तिथे नाजूक रोप नको. शंका असलेले रोप पहिले वर्षभर कुंडीतच ठेवा. मे पार पडला, तर पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावा.