गाणारी तबकडी

दीडशे वर्षांपूर्वी गाणे ऐकायचे असेल, तर गाणाऱ्यासमोर जाऊन बसावे लागे. गाणे संपले की सूर हवेत विरून जात. श्रीमंतांच्या वाड्यात मैफली होत. गरिबांना जत्रेत, उरुसात किंवा लग्नकार्यात जे कानी पडेल, त्यावरच समाधान मानावे लागे. गवई दूर देशी निघून गेला किंवा वारला, की त्याचा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळत नसे. पुढे ही स्थिती पालटली. ती पालटण्यात एमिल बर्लिनर यांचा वाटा फार मोठा आहे. गाण्याची सपाट, गोल तबकडी त्यांनी जगाला दिली.

एमिलचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. आईला संगीताची आवड होती. घरात तेरा भावंडे होती. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा खर्च भागवणे सोपे नव्हते. त्यामुळे चौदाव्या वर्षीच एमिलचे शिक्षण थांबले. त्याने काही दिवस छापखान्यात उमेदवारी केली, मग एका दुकानात नोकरी धरली.

१८७० मध्ये एमिल अमेरिकेला गेला. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. वॉशिंग्टन शहरात ओळखीच्या एका माणसाच्या दुकानात त्याला काम मिळाले. पुढे तो न्यूयॉर्कला गेला. तेथे पोटासाठी त्याने मिळेल ते काम केले. एका प्रयोगशाळेत तो बाटल्या धुण्याचे कामही करी. बाटल्या धुता धुता तेथील प्रयोग तो बारकाईने पाही. दिवसभर काम करावे आणि रात्री कूपर संस्थेत जाऊन विज्ञान शिकावे, असा त्याचा क्रम होता. शाळा सुटली, पण शिक्षण त्याने सोडले नाही.

१८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोन तयार केला. पण त्या टेलिफोनमधून आवाज फार क्षीण येई. बर्लिनर तेव्हा पुन्हा वॉशिंग्टनला दुकानात नोकरी करत होते. भाड्याच्या खोलीत बसून त्यांनी साबणाच्या लहानशा लाकडी खोक्यापासून बोलणे पकडणारे एक यंत्र बनवले. हा एक प्रकारचा मायक्रोफोन होता. बेल यांच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि बर्लिनर यांना नोकरीही दिली. हाती थोडा पैसा आला. काही वर्षांनी ती नोकरी सोडून बर्लिनर वॉशिंग्टनला परतले. आता आपल्या मनाजोगते संशोधन करायचे, असे त्यांनी ठरवले.

त्या काळी आवाज साठवणारे एक यंत्र अगोदरच निघाले होते. १८७७ मध्ये थॉमस अल्वा एडिसन यांनी फोनोग्राफचा शोध लावला होता. सुरुवातीला आवाज कथिलाच्या पातळ वर्खावर उमटवत. पुढे त्यासाठी मेणाची नळकांडी वापरात आली. कर्ण्यात बोलले किंवा गायले, की आतला पडदा थरथरे. पडद्याला जोडलेली सुई फिरत्या नळकांड्यावर खाच कोरी. आवाजाप्रमाणे ती खाच कोठे खोल, तर कोठे उथळ होई. तीच खाच सुईखालून पुन्हा फिरवली, की तोच आवाज ऐकू येई.

या नळकांड्यांचे काही गुण खरोखर चांगले होते. नळकांड्याचा घेर सगळीकडे सारखाच असतो. म्हणून सुईखालून खाच पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने सरके. शिवाय फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता येई. मुलाचे बोबडे बोल, आजोबांचे बोलणे, स्वतःचे गाणे असे काहीही लोक भरून ठेवू शकत. मेण खरवडून तेच नळकांडे पुन्हा वापरताही येई.

पण एक मोठी अडचण होती. एका नळकांड्यावरून चांगल्या प्रती भराभर काढता येत नसत. समजा, दुकानदाराला एकाच गाण्याची शेकडो नळकांडी हवी आहेत. मग गवयासमोर एकाच वेळी अनेक यंत्रे मांडत आणि तो तेच गाणे पुन्हा पुन्हा गाई. गवयाचा घसा बसे, तरी मागणी पुरी होत नसे. नळकांडी नाजूक असत आणि ठेवायला जागाही फार लागे.

बर्लिनर यांनी या अडचणीवर विचार केला. गवयाने एकदाच गावे आणि त्या एका गाण्याच्या हजारो प्रती निघाव्यात, असे काही करता येईल का? छापखान्यात एकदा खिळे जुळवले, की हजारो पाने छापता येतात. लहानपणी छापखान्यात काम केलेल्या माणसाला ही गोष्ट चांगली ठाऊक होती. गाणेसुद्धा तसेच छापता यावे, हा बर्लिनर यांचा ध्यास होता.

त्यांनी जस्ताची एक सपाट, गोल तबकडी घेतली. तिच्यावर मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ थर दिला. आवाजाने थरथरणारी सुई त्या थरावर फिरू लागली, की ती मेण बाजूला सारी. त्यातून चकलीसारखी गोल गोल आत जाणारी रेघ तयार होई. एडिसन यांची सुई वरखाली हले, बर्लिनर यांची सुई डावीउजवीकडे हले. मग ती तबकडी आम्लात बुडवत. जेथे मेण निघाले असेल, तेथे आम्ल जस्त खाई आणि पक्की खाच पडे. या तबकडीवरून धातूचा उलटा ठसा बनवत. त्या ठशाने मऊ पदार्थावर दाब दिला, की गाण्याची नवी प्रत तयार होई. नाण्यावर छाप उमटावी, तसे गाणे तबकडीवर उमटे.

१८८७ मध्ये बर्लिनर यांना आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्यांनी यंत्राला ग्रामोफोन असे नाव दिले. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फिया शहरातील फ्रँकलिन संस्थेत त्यांनी विद्वानांसमोर त्याचा प्रयोग करून दाखवला.

पण लोकांनी ग्रामोफोन लगेच स्वीकारला नाही. आम्लाने खाल्लेली खाच खडबडीत असे. त्यामुळे गाण्याबरोबर खरखरही ऐकू येई. त्या मानाने मेणाच्या नळकांड्याचा आवाज मऊ वाटे. ग्रामोफोन हाताने फिरवावा लागे. हात कमीजास्त फिरला, की सूर वर चढे किंवा खाली घसरे. सुई तबकडीच्या मध्याकडे येई, तसा खाचेचा घेर लहान होई आणि तिचा वेग कमी पडे. त्यामुळे शेवटी शेवटी आवाज बिघडे. शिवाय ग्रामोफोनवर घरी आवाज भरण्याची सोय नव्हती. तो फक्त ऐकवी. १८८९ च्या सुमारास जर्मनीतील एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने हा ग्रामोफोन बाजारात आणला, तोसुद्धा मुलांचे खेळणे म्हणून! त्याच्या तबकड्या जेमतेम साडेबारा सेंटिमीटरच्या होत्या.

बर्लिनर खचले नाहीत. एकेक दोष शोधून तो दूर करण्याचा त्यांनी सपाटा लावला. आधी ते कडक रबराच्या तबकड्या काढत. पण रबरावर ठसा काही ठिकाणी नीट उठत नसे. तेव्हा गुंड्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मदतीने त्यांनी लाखेचे मिश्रण वापरून पाहिले. तापवली की लाख मऊ होते, थंड झाली की टणक होते. बांगड्या बनवणाऱ्या कारागिरांना लाखेचा हा गुण पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. लाखेवर बारीक खाचही स्पष्ट उमटली. ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातील जंगलांतून जगभर जात असे. पुढे सुमारे पन्नास वर्षे जगातील बहुतेक तबकड्या लाखेच्याच होत्या.

हाताने फिरवण्याची अडचण एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या कुशल यंत्रकाराने सोडवली. १८९६ मध्ये त्यांनी ग्रामोफोनसाठी कमानीवर चालणारे यंत्र तयार केले. आता चावी दिली, की तबकडी एका वेगाने फिरू लागे. पुढे जॉन्सन यांनी आम्लाची रीत सोडून जाड मेणाच्या चकतीवर खाच कोरण्याची रीत काढली. त्यामुळे खरखर पुष्कळ कमी झाली. चुरस पालटली. तबकडी स्वस्त पडे, टिकाऊ असे आणि फळीवर पुस्तकांसारखी ओळीने ठेवता येई. मधल्या भागावर गाण्याचे व गवयाचे नाव लिहिता येई.

१८९८ मध्ये लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी सुरू झाली. त्याच वर्षी हॅनोव्हरमध्ये बर्लिनर आणि त्यांचे भाऊ जोसेफ यांनी तबकड्यांचा कारखाना काढला. याच सुमारास फ्रान्सिस बरो या इंग्रज चित्रकाराने एक चित्र काढले होते. यंत्रातून येणारा मालकाचा आवाज कान टवकारून ऐकणारा एक कुत्रा त्यात होता. मूळ चित्रातले यंत्र नळकांड्याचे होते. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घ्यायची तयारी दाखवली. अट एकच होती : नळकांड्याच्या जागी ग्रामोफोन रंगवावा. चित्रकाराने तसे केले. तो कुत्रा पुढे जगभरच्या तबकड्यांवर जाऊन बसला.

यश दारात आले आणि त्याच वेळी बर्लिनर यांच्यावर मोठा आघात झाला. अमेरिकेत ग्रामोफोन विकण्याचा करार त्यांनी एका व्यापाऱ्याशी केला होता. त्या दोघांत वाद झाला व तो न्यायालयात गेला. १९०० मध्ये न्यायालयाने बर्लिनर यांना अमेरिकेत ग्रामोफोन विकण्यास मनाई केली. आपणच शोधलेली वस्तू आपल्याच देशात विकता येईना! बर्लिनर यांनी आपला उद्योग कॅनडातील माँट्रियल शहरात नेला. १९०१ मध्ये जॉन्सन यांनी अमेरिकेत व्हिक्टर कंपनी स्थापन केली. तेथे तबकड्यांचा व्यापार याच कंपनीने वाढवला.

ही तबकडी भारतात कशी आली? १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले. एके काळी ते स्वतः बर्लिनर यांच्या हाताखाली काम करत होते. कलकत्त्यात त्यांनी प्रसिद्ध गायिका गौहर जान यांचे गाणे भरून घेतले. तासन्‌तास रंगणारे गाणे दोन-तीन मिनिटांत बसवायचे होते. गौहर जान यांनी ते लीलया बसवले. गाणे संपताना त्या आपले नाव इंग्रजीत सांगत. कारण मेणाच्या चकत्या जहाजाने हॅनोव्हरला जात आणि तेथल्या कामगारांना गाणे कोणाचे ते कळावे लागे. तबकड्या तेथे छापून पुन्हा भारतात येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. पुढे मिरजेत राहणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ, मराठी रंगभूमीवरील बालगंधर्व अशा अनेकांचे आवाज तबकड्यांवर आले. ज्यांना मैफलीत किंवा नाटकाला जाता येत नसे, त्यांच्याही कानी ते पडू लागले.

इकडे एडिसन यांनीही १९१२ मध्ये तबकड्या काढल्या. तरी नळकांडी वापरणाऱ्या जुन्या ग्राहकांसाठी ते नळकांडीही बनवत राहिले.

बर्लिनर मात्र केवळ ग्रामोफोनमध्ये गुंतून राहिले नाहीत. त्या काळी अमेरिकेत न तापवलेल्या दुधामुळे पुष्कळ लहान मुले आजारी पडून दगावत. दूध तापवूनच पाजा, हे लोकांना पटवण्यासाठी बर्लिनर यांनी अनेक वर्षे कष्ट घेतले. मुलांना आरोग्याचे नियम कळावेत म्हणून त्यांनी सोपी गाणी लिहिली. विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी आपल्या आईच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. मुलगा हेन्री याच्याबरोबर त्यांनी हेलिकॉप्टरचेही प्रयोग केले.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बर्लिनर यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस एडिसन यांच्या कंपनीने नळकांडी आणि तबकड्या, दोन्ही बनवणे थांबवले.

नंतर आवाज साठवण्याच्या कितीतरी रीती आल्या. १९४८ मध्ये एका बाजूला वीसहून अधिक मिनिटे वाजणारी मोठी तबकडी निघाली. १९६३ मध्ये कॅसेट आली आणि तिच्यावर नळकांड्यांसारखाच घरी आवाज भरता येऊ लागला. १९८२ मध्ये प्रकाशाच्या किरणाने वाजणारी सीडी निघाली. तिला ना खाच, ना सुई. तीसुद्धा सपाट आणि गोल, बारा सेंटिमीटरची, म्हणजे बर्लिनर यांच्या त्या खेळण्यातल्या तबकडीएवढीच! आणि या सीडी पहिल्यांदा कारखान्यातून बाहेर पडल्या त्या कोठे? हॅनोव्हरजवळच.

आज मोबाइलवर गाणे ऐकताना तबकडीही दिसत नाही. पण गवयाने एकदा गावे आणि ते गाणे घरोघरी पोहोचावे, ही इच्छा तीच आहे. एकेकाळी बाटल्या धुणाऱ्या एका मुलाने ती खरी करण्यासाठी आपले आयुष्य वेचले.