बिअरचे आजार शोधणारा पाश्चर

नीरा विकणारा ती बर्फात ठेवतो आणि उन्हे चढायच्या आत संपवायला बघतो, कारण आपल्या हवेत दुपारपर्यंत तिची ताडी होते. आंबण्याचे हे वेळापत्रक हवामान ठरवते. युरोपातल्या थंड तळघरात बाटलीबंद बिअर निवांत मुरते. बाटलीत उरलेली थोडी साखर जिवंत यीस्ट खाते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बूच घट्ट असल्यामुळे तो बाहेर न जाता बिअरमध्येच विरघळतो. मग काम संपलेले यीस्ट गाळ होऊन तळाशी बसते आणि वर नितळ बिअर राहते. उष्ण हवेत हेच सगळे घाईघाईने होते. वायूचा दाब बेसुमार वाढून बाटली फुटू शकते, यीस्ट लवकर खाली बसत नाही, आणि त्याच्यासोबत न बोलावलेले जंतूही फोफावतात. मग गढूळपणा नेमका कशाचा, निरुपद्रवी यीस्टचा की बिअर नासवणाऱ्या जंतूंचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली नेणारा माणूस लुई पाश्चर. रेबीजची लस आणि दुधाचे पाश्चरायझेशन यांमुळे आपण त्याला ओळखतो. पण त्याच्या आयुष्यातली कित्येक वर्षे दारूच्या पिंपांजवळ गेली, आणि माझ्या मते आजच्या वैद्यकाची बरीचशी मुळे तिथेच आहेत. (वाचकांपैकी कोणाला घरी बिअर आंबवून पाहायचा मोह होईल, म्हणून आधीच सांगतो: आपल्या राज्यात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, आणि मद्य हे औषध नाही.)

पाश्चरचा जन्म 27 डिसेंबर 1822 रोजी फ्रान्समधल्या दोल गावी झाला. वडील चामडे कमावत. मुलगा शिकून रसायनतज्ज्ञ झाला, डॉक्टर नव्हे. हे पुढे त्याला अनेकदा ऐकून घ्यावे लागले. 1854 मध्ये तो लील शहरात प्राध्यापक म्हणून गेला. तिथे बिगो नावाच्या कारखानदाराचा मुलगा त्याचा विद्यार्थी होता. बिगो बिटाच्या रसापासून मद्यार्क बनवी आणि त्याची काही पिंपे आंबट होऊन नासत. पाश्चरने दोन्ही पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी होत्या, तर नासलेल्या पिंपात बारीक काड्यांसारखे काहीतरी वळवळत होते. आंबणे ही केवळ रासायनिक कुजण्याची क्रिया आहे, असे लीबिगसारखा दिग्गज तेव्हा मानत असे. पाश्चर म्हणू लागला की हे जिवंत पेशींचे काम आहे, आणि पेशी बदलली की पदार्थही बदलतो. 1857 मध्ये त्याने दह्यातल्या आम्लाच्या, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या आंबवणीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे वाइन बिघडण्याच्या प्रकारांना त्याने सरळ आजार म्हटले आणि वाइन काही काळ 50 ते 60 अंशांपर्यंत तापवून ते टाळता येतात, हे दाखवले.

घरात मात्र खरे आजार होते. 1859 मध्ये थोरली मुलगी जान टायफॉइडने गेली. 1865 मध्ये दोन वर्षांची कामीय गेली आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षांची सेसील, तीही टायफॉइडने. 1868 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, त्याला स्वतःला पक्षाघात झाला. डावा हात आणि पाय कायमचे अधू झाले. पुढचे बरेचसे प्रयोग सहायकांच्या हातांनी झाले. पाहणे आणि विचार करणे त्याचे.

1870 मध्ये प्रशियाशी युद्ध पेटले. मुलगा सैन्यात होता आणि त्याची खबर लागेना. अधू पायाने पाश्चर बर्फातून त्याला शोधत फिरला आणि अखेर तो सापडला. बॉन विद्यापीठाने दिलेली वैद्यकातली मानद पदवी त्याने संतापून परत केली. फ्रान्स हरला. तेव्हा बिअर ही जर्मनांची मक्तेदारी. फ्रेंच बिअर त्यांच्या तोडीची करून दाखवायची, असे त्याने ठरवले. या बिअरला त्याने राष्ट्रीय सूडाची बिअर असे नाव दिले. गंमत म्हणजे त्याला स्वतःला बिअर आवडत नसे. मित्रांना दोन बिअरींतला फरक जिभेने कळे आणि याला त्याचेच नवल वाटे. हा देशाभिमान आज थोडा बाळबोध वाटतो, पण त्यातून निघालेले काम अस्सल होते.

1871 च्या उन्हाळ्यात क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका छोट्या ब्रुअरीत त्याने सुरुवात केली आणि सप्टेंबरात तो लंडनच्या व्हिटब्रेड या बड्या ब्रुअरीत पोचला. तिथे त्याने पोर्टर बिअरचे थोडे यीस्ट मागून घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि व्यवस्थापकांना सांगितले की हे यीस्ट बिघडलेले आहे, तुमचे नुकसान होत असणार. मंडळी आधी गप्प राहिली. मग कबूल झाले की माल खरोखरच खराब निघत होता. आठवड्याच्या आत पाश्चर पुन्हा गेला, तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता.

इंग्रज ब्रुअर बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस वापरत. आपल्याकडे घोळ माशाच्या ज्या पिशवीला भारी भाव येतो, तिच्याच जातीची ही वस्तू. त्यातले कोलॅजन यीस्टला चिकटते, गुठळ्या होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. बिअर काचेसारखी दिसू लागते. पण दिसणे वेगळे आणि निर्जंतुक असणे वेगळे. वॉर्डात सलाइनची बाटली लावण्याआधी आम्ही ती उजेडात धरतो. गढूळ दिसली तर ती बाद, हे नक्की. पण नितळ दिसली म्हणून ती शुद्ध ठरत नाही, त्यासाठी ती शुद्ध रीतीनेच बनलेली असावी लागते. पाश्चर बिअरबाबत हेच सांगत होता. 50 ते 55 अंशांना तापवली की बाटलीतली बिअर टिकते, हे त्याने दाखवले. मात्र त्याने चव आणि ताजेपणा उतरतो, आणि यीस्टही मरत असल्याने बाटलीत वायू तयार व्हायचे थांबते. म्हणून त्याचा भर मुळातच शुद्ध यीस्ट, उकळून घेतलेला रस आणि जंतुविरहित हवा यांवर राहिला. हे सगळे 1876 मध्ये त्याच्या बिअरवरच्या ग्रंथात आले.

त्यातले सगळे बरोबर नव्हते. बिअरच्या आजारांचा दोष त्याने प्रामुख्याने जिवाणूंना दिला होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने 1883 मध्ये दाखवले की काही रानटी यीस्टच बिअर कडवट आणि गढूळ करतात. उपाय म्हणून त्याने एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. ब्रुअरीचे मालक याकोबसेन यांनी ते इतर ब्रुअरींनाही मोकळ्या हाताने दिले.

मला या गोष्टीतला महत्त्वाचा भाग वाटतो तो पुढचा. जंतू बदलला की आजार बदलतो, हे ज्याने पिंपात पाहिले, त्याला माणसाच्या शरीरात वेगळे काही घडत असेल असे का वाटावे? 1873 मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीने त्याला सदस्य करून घेतले, तेही एका मताच्या फरकाने. पुढच्या वर्षी शल्यविशारद लिस्टरने पत्र लिहून त्याचे आभार मानले. आंबवणीवरच्या त्याच्या कामातूनच लिस्टरला जखमा जंतुमुक्त ठेवण्याची दिशा मिळाली होती. 1879 मध्ये अकादमीत बाळंतरोगाच्या कारणांवर एक सदस्य बोलत होता. तेव्हा प्रसूतिगृहांत बाळंतिणी या तापाने दगावत. पाश्चरने त्याला मध्येच थांबवले, लंगडत फळ्यापाशी गेला आणि मण्यांच्या माळेसारख्या जंतूंचे चित्र काढले. आज आपण त्यांना स्ट्रेप्टोकोकस म्हणतो. हे जंतू डॉक्टर आणि परिचारिकाच एका बाईकडून दुसरीकडे नेतात, असे त्याने भर सभेत सुनावले. प्रसूतिकक्षाबाहेर हात धुण्याची सक्ती आम्ही आजही करतो, आणि आजही ती करावी लागते.

1885 च्या जुलैमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस मिळाली. तीन वर्षांनी पॅरिसची पाश्चर संस्था उभी राहिली. त्याच संस्थेत काम केलेला हाफकिन पुढे मुंबईत प्लेगची लस बनवायला आला. 28 सप्टेंबर 1895 रोजी पाश्चर वारला. उष्ण हिंदुस्थानात बिअर नीट आंबावी म्हणून इंग्रजांनी हिमाचलातल्या कसौलीच्या थंडीत ब्रुअरी काढली होती, ती पुढे सोलनला हलली. त्याच कसौलीत 1900 मध्ये भारतातली पहिली पाश्चर संस्था निघाली आणि पिसाळलेला कुत्रा चावलेली माणसे लांबलांबून तिथला डोंगर चढू लागली.