विश्लेषण : देव कसा आहे, हे माणसाला सांगता येते का? मायमोनिडीस यांनी ‘नाही’ का म्हटले?

देव दयाळू आहे, सर्वशक्तिमान आहे, असे आपण सहज म्हणतो. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मोझेस मायमोनिडीस यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते, देव काय नाही एवढेच माणूस सांगू शकतो.

मायमोनिडीस कोण होते?

त्यांचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोबा येथे झाला. ११४८ मध्ये शहर अल्मोहादांच्या ताब्यात गेले. ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग हेच पर्याय उरले. मायमोनिडीस यांचे कुटुंब मोरोक्कोतील फेझमार्गे अखेर इजिप्तमधील फुस्तात (जुने कैरो) येथे पोहोचले.

वैद्यकी कशी सुरू झाली?

धाकटा भाऊ डेव्हिड व्यापार करून घर चालवत असे, त्यामुळे मायमोनिडीस अभ्यासात राहू शकत. भारताकडे व्यापारासाठी निघालेला डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. या धक्क्याने ते सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी वैद्यकी केली. सुलतान सलादीनचा मंत्री अल-फादिल याचे ते वैद्य झाले.

त्यांचा युक्तिवाद काय?

११९० च्या सुमारास त्यांनी ‘संभ्रमितांसाठी मार्गदर्शक’ हा ग्रंथ अरबीत, पण हिब्रू लिपीत पूर्ण केला. शहाणा, दयाळू हे शब्द माणसांवरून आलेले आहेत. ते देवाला लावले की देव म्हणजे एक मोठा माणूस होतो. म्हणून ‘शक्तिमान’चा अर्थ ‘दुबळा नाही’ इतकाच घ्यायचा. त्यांनी उदाहरण जहाजाचे दिले. जहाज कधीच न पाहिलेल्याला ते दगड नाही, झाड नाही, प्राणी नाही असे कळत गेले, तर तो हळूहळू जहाजाच्या जवळ पोहोचतो. मात्र नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, प्रत्येक नकार सिद्ध करावा लागतो.

मग प्रार्थनेचे काय?

प्रार्थना त्यांनी सोडायला सांगितली नाही. ज्यू धर्मनियमांचा १४ भागांचा ‘मिश्नेह तोरा’ हा ग्रंथ त्यांचाच. धर्मग्रंथातील आणि परंपरेने ठरलेल्या प्रार्थनेतील विशेषणे चालतील, आपल्या मनाची भर नको, अशी त्यांची भूमिका होती.

विरोध कोणी केला?

मायमोनिडीस १२०४ मध्ये निवर्तले. १२३२ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील काही रब्बींनी त्यांच्या तत्त्वज्ञानावर बंदी घातली. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी त्यांचा अभ्यास केला, पण आक्षेपही घेतला : देवाला चांगला म्हणणाऱ्या भक्ताला ‘वाईट नाही’ एवढेच म्हणायचे नसते. हा आक्षेप आजही कायम आहे.