माजघर जपणारे काका केळकर

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरचं पितळ खाली येतं आणि तिथून थेट मोडीत जातं. इथं कुपवाडला सासूबाईंचा मोराचा अडकित्ता मीच मोडीत घातला. बदल्यात स्टीलचे दोन डबे आणले. पुढं बचत गटाच्या बायकांबरोबर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला गेले, तर तसल्याच अडकित्त्यांची मांडलेली रांग! जीव नुसता चुटपुटला.

हे सगळं जमवलं दिनकर गंगाधर उर्फ काका केळकरांनी. जन्म १८९६ चा. व्यवसाय चष्म्याचा, शिवाय अज्ञातवासी या नावानं ते कविता करायचे. इतिहासाची ओढ होतीच, त्यातून जुन्या वस्तूंचा नाद लागला तो कायमचा. शस्त्रंही त्यांनी जमवली. पण आपल्याला कौतुक ते त्यांनी माजघरात आणि स्वयंपाकघरात डोकावल्याचं. दिवे, समया, अडकित्ते, फण्या, कुंकवाचे करंडे, भांडीकुंडी! टाचा घासायच्या वज्रीवरसुद्धा कारागिरानं पक्षी बसवलेला. खालची बाजू खरखरीत, वर पाखरू. रोज मोरीत पडणाऱ्या वस्तूला एवढं नटवायचं! घडवणाऱ्याचं नाव मात्र त्यावर नाही.

या छंदात पत्नी कमलाबाईंची साथ होती. खरं सांगू, येईल ती वस्तू घरात ठेवायची कुठं, हा प्रश्न आधी त्यांनाच पडला असणार. या जोडप्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावानं हे संग्रहालय उभं राहिलं. तिथं फिरताना हे मनातून जात नाही.

जमता जमता वस्तू २० हजारांच्या आसपास गेल्या. विकायला काढल्या असत्या तर पैसा कमी मिळाला नसता. काकांनी १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये, ९४ व्या वर्षी ते गेले.

परवा माळा काढला तर एका डब्याच्या तळाशी सासूबाईंची वज्री सापडली. काळीठिक्कर पडलेली. चिंच लावून घासली तेव्हा वरचं पाखरू दिसायला लागलं. लेक म्हणाली, हा पेपरवेट कुणाचा गं? तिला मोरीत नेऊन टाच घासून दाखवली.