स्त्राविन्स्की : एक रचना, तीन ध्वनिमुद्रिका

इगोर स्त्राविन्स्की यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी रशियात, सेंट पीटर्सबर्गजवळील ओरानियनबाउम येथे झाला. वडील ऑपेरातील नामवंत गायक. तरीही मुलाला कायद्याच्या अभ्यासास घालण्यात आले. पुढे रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला आणि संगीत हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

'द राइट ऑफ स्प्रिंग' हे त्यांचे बॅले २९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या रंगभूमीवर आले. प्राचीन रशियातील वसंतविधी व त्यातील कुमारिकेचा बळी हा त्याचा विषय. त्या विषम तालांनी व अनोख्या नृत्याने प्रेक्षागृहात एकच गदारोळ माजला. महायुद्ध व राज्यक्रांती यांनी मायदेश दुरावला. स्वित्झर्लंड, फ्रान्स व अखेर अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला.

वादकांनी स्वरलिपीबाहेर पदरचे काही घालू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. प्रमाण पाठ म्हणून त्यांनी ही रचना स्वतःच्या संचालनाखाली तीनदा ध्वनिमुद्रित केली : १९२९ साली पॅरिसला, १९४० व १९६० साली न्यूयॉर्कला. पहिलीत वादकांची तालाशी चाललेली झटापट ऐकू येते. दुसरी वेगवान व आवेशपूर्ण आहे. तिसरी रेखीव व स्वच्छ. तिन्हींची लय सारखी नाही. जन्मदात्यालाही आपली कृती जशीच्या तशी राखता आली नाही. मात्र तिन्हींत प्राण तोच आहे.

१९६२ साली, जवळजवळ अर्धशतकानंतर, त्यांनी मायभूमीचे दर्शन घेतले. ६ एप्रिल १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. परमुलखात आपला ठेवा जपणाऱ्या आपणां सर्वांना हे चरित्र परके वाटू नये.