ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स



युरोपातील अनेक शहरांत वसंत ऋतूच्या उत्सवात चर्चची दारे भरदुपारी उघडी असतात. कचेरीतली, दुकानातली माणसे जेवणाच्या सुट्टीत आत येऊन बसतात. कुणीतरी ऑर्गन वाजवतो. अर्ध्या-पाऊण तासाने ऐकणारे उठून आपापल्या कामाला जातात. त्या वेळी मिस्सा नसते आणि प्रवचनही नसते, तरी मन प्रार्थनेला बसल्यासारखे शांत होते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर असे काही कधी होते का? होते, पण वाद्याविना. चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या साष्टी प्रांतात रविवारी आणि सणांच्या दिवशी मिस्सा संपल्यावर लोक चर्चमध्ये थांबत आणि मराठी ओव्या ऐकत. त्या ओव्या रचणारा माणूस मराठी नव्हता, भारतीयही नव्हता. तो एक इंग्रज धर्मगुरू होता. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. थॉमस विंचेस्टरच्या नामांकित शाळेत शिकले. त्या काळी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक माणसाला आपला धर्म उघडपणे पाळणे कठीण झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या कॅथलिक मित्राबरोबर ते त्याचा नोकर असल्याचा वेश करून देशात हिंडत राहिले. दोघांनाही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचा होता. पण पाउंड पकडले गेले आणि तुरुंगात पडले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

तेथून त्यांनी भारताची वाट धरली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. पोहोचल्यावर काही दिवसांतच त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले.

त्या काळचे गोवा संगीताने भरलेले होते. मोठ्या सणांच्या मिस्सेला चर्चमध्ये ऑर्गन वाजे, मुलांचे गायकवृंद लॅटिन स्तोत्रे गात. या ऑर्गनची कीर्ती थेट अकबराच्या दरबारापर्यंत गेली होती. बादशहाने हाजी हबीबुल्ला याला गोव्याला पाठवले होते. त्याने तिकडून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत ऑर्गनही होता. माणसाएवढ्या मोठ्या त्या पेटीचे दरबारी मंडळींना किती आश्चर्य वाटले, हे बदाऊनी या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे.

स्टीफन्स यांना १५८० साली गुरुदीक्षा मिळाली आणि ते साष्टीत कामाला लागले. तेथे त्यांना दिसलेले चित्र मात्र इतके सुरेल नव्हते. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, पोथ्या हिरावून घेतल्या होत्या. लोकांच्या मनात राग होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे तो उफाळून आला. फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. हेच फादर अक्वाविवा काही महिन्यांपूर्वी अकबराच्या दरबारातून परतले होते. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्यात फादर स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरी प्रमुखांना बोलावून घेऊन दग्याने ठार केले. दोन्हीकडचे हे रक्त आपण विसरता कामा नये. फादर स्टीफन्स यांची पुढची सारी सेवा याच जखमी भूमीवर झाली.

त्याच वर्षी त्यांचा आपल्या चौलशीही दुरून संबंध आला. नोव्हेंबर १५८३ मध्ये राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज चौल बंदरात उतरले. ते पाहुणे म्हणून आले नव्हते. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडले होते आणि कैदी म्हणून गोव्याला नेले जात होते. फिचने आपल्या प्रवासवर्णनात चौलविषयी लिहिले आहे. गोव्याच्या तुरुंगातून त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत फादर स्टीफन्स होते. परक्या मुलखात अडकलेल्या माणसाचे दुःख त्यांना ठाऊक होते.

पण त्यांचे खरे कार्य याहून मोठे आहे. त्यांनी लोकांची भाषा शिकायला घेतली. केवळ पापनिवेदन ऐकण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत कविता करता येईल इतकी. १५८३ सालीच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. भाषाशास्त्रज्ञांनी हे नाते सिद्ध करायला पुढे दोनशे वर्षे घेतली. कोकणी भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

नव्या ख्रिस्ती कुटुंबांत त्यांना एक पोकळी जाणवली. या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पुराणे ऐकली होती. संध्याकाळी पोथी लावावी, एकाने वाचावी, दहांनी ऐकावी, अशी त्यांची रीत. बाप्तिस्मा झाला आणि पोथी गेली. तिच्या जागी काय आले? लॅटिन मिस्सा आणि पाठ करायची प्रश्नोत्तरे. ऑर्गनचा सूर कानाला गोड लागत असेल, पण चुलीपाशी बसलेल्या आईने तो मुलाला कसा ऐकवायचा? आम्हांला आमच्या भाषेत पुराण का नाही, ही लोकांची मागणी फादर स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच मांडली आहे. हा ग्रंथ म्हणजे त्या मागणीला दिलेले उत्तर.

१६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्यांचे दोन भाग. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान. अध्यायांना त्यांनी अवस्वर म्हटले. ते पंचाण्णव आहेत. देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. पण भाषा मराठी आणि छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. एकनाथ महाराज तर त्यांचे समकालीन. त्यांचे निर्वाण १५९९ सालचे. स्वर्गासाठी फादरांनी वैकुंठ हा शब्द बेधडक वापरला. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या तर ज्यांनी बाकीचा ग्रंथ कधी उघडला नाही, त्यांनाही ठाऊक असतात.

संत थॉमस अक्वायनस यांची एक शिकवण सेमिनरीत आम्हांला वारंवार सांगितली जाई. देवाची कृपा माणसाची प्रकृती मोडून टाकत नाही, तर तिला पूर्णत्वाला नेते, असा तिचा आशय आहे. सत्तेने मोडतोड केली, तेथे फादर स्टीफन्स यांनी याच शिकवणीप्रमाणे काम केले. ज्याच्या ओठांवर ओवी आहे, त्याला त्यांनी ओवीतच शुभवर्तमान दिले.

१६१९ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. चाळीस वर्षे या भूमीत घालवून ते मायदेशी न परतता इथेच मातीत मिसळले. १६४९ आणि १६५४ साली त्यांचा ग्रंथ पुन्हा छापला गेला. पण नंतर वारे फिरले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ साली इन्क्विझिशनने लग्नसमारंभातील देशी गाण्यांवरही बंदी घातली. माणसाच्या तोंडचे गाणे काढून घेणे, याहून मोठी सक्ती कोणती?

आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला, कारण गोव्यातल्या आणि मंगळूरकडच्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, घरात जपला आणि गायला. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तर १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली. हुकूम काढणाऱ्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. ओव्या मात्र आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. त्यात लागोपाठच्या दोन परिच्छेदांत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे, ही पहिली. पाइप ऑर्गनचा मान राखावा, ही दुसरी. म्हणजे ओवी आणि ऑर्गन यांचे भांडण नाही. आपण भजनाला घेतो ती पेटीही मूळची युरोपातलीच. भाता, हवा आणि पितळेच्या पट्ट्या यांवर चालणारी ती ऑर्गनची धाकटी बहीण. बालगंधर्वांच्या नाटकांत खुद्द ऑर्गनची साथ होती. वाद्य कुठूनही येवो, त्यावर आपले गाणे उमटले की ते आपले होते.

आपल्या परिसराला हे वेगळे सांगायला नको. १७४० साली पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण कोर्लईच्या घरांत नो लिंग, म्हणजे आपली भाषा, अजून बोलली जाते. ती कुणाच्या हुकमाने टिकलेली नाही. आयांनी ती मुलांच्या कानात घातली म्हणून टिकली. आजी जी प्रार्थना, जे गाणे म्हणते, ते नातवाने शिकून घेतले नाही तर पुढच्या पिढीला ते कोण देणार? छापील पुस्तक हरवू शकते, हे ख्रिस्तपुराणानेच दाखवून दिले आहे.

म्हणून एक विनंती. येत्या उपवासकाळात आठवड्यातून एक दिवस तरी टीव्ही बंद करून सर्वांनी एकत्र बसावे. ख्रिस्तपुराणातला प्रभूच्या दुःखसहनाचा भाग एकाने मोठ्याने वाचावा, इतरांनी ऐकावा. चारशे वर्षांपूर्वीचे काही शब्द अडतील. अडू द्या, दोन-चार ओव्यांनंतर लय आपोआप सापडते. आणि आजीला तिच्या लहानपणचे एखादे गाणे म्हणायला सांगा, मग ते मराठीत असो वा नो लिंगमध्ये.

प्रभू येशू आपल्या घरांत आपल्याच भाषेत बोलत राहो.

आपला,
धर्मगुरू